बडी हॉली लेस्टरला गायला, त्या रविवारचा माग काढताना

१६ मार्च १९५८, रविवार. त्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात डी माँटफर्ट हॉलमध्ये अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉली आणि त्याच्या क्रिकेट्स (म्हणजे रातकिडे) या बँडचे दोन शो झाले, एक लवकरचा आणि एक रात्रीचा. टेक्सासमधल्या लबक गावचा हा चष्मेवाला मुलगा तेव्हा २१ वर्षांचा होता आणि पुढच्याच वर्षी ३ फेब्रुवारीला आयोवात विमान कोसळून गेला. म्हणजे इंग्लंडला तो आला तो तेवढाच. पुढे लिव्हरपूलच्या चार पोरांनी आपल्या बँडला बीटल्स असं किड्याचं नाव द्यायचं ठरवलं ते या क्रिकेट्सवरूनच, इतकी त्याची छाप. आणि तो मी रोज कामाला जाताना जिच्यावरून जाते त्या बिल्डिंगमध्ये येऊन गायला होता हे मला कळलं ते आमच्या फार्मसीत औषधं न्यायला येणाऱ्या एका आजोबांकडून. काउंटरवर रेडिओ चालू होता, हॉलीचं गाणं लागलं आणि ते सहज म्हणाले, "मी बघितलंय याला. इथेच, टेकडीवर." मी म्हटलं कधी, तर म्हणाले आर्मीत जायच्या आधी. मागे लाईन लागलेली म्हणून पुढे बोलता आलं नाही, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना.

मी मूळची सांगलीची. वडिलांना जुन्या गाण्यांचं वेड, त्यातही सी. रामचंद्र म्हणजे देव. 'ईना मीना डीका' १९५७ चं, आणि त्याच साली फेब्रुवारीत बिल हेली जहाजातून साउथॅम्प्टनला उतरला आणि इंग्लंडला पहिल्यांदा अमेरिकन रॉक अँड रोल समोर बसून ऐकायला मिळालं, हे मी इथे आल्यावर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्या पुणतांब्याचा माणूस मुंबईत चिक चॉकलेटसारखे गोव्याचे जॅझवाले हाताशी घेऊन तेच सूर आपल्या पद्धतीने लावत होता, जवळपास त्याच वेळी. त्यामुळे हे संगीत मला कधी परकं वाटलं नाही. सांगायचा मुद्दा, आजोबा जे बोलले त्याचा पत्ता लावायचाच असं ठरवलं, आणि शोधता शोधता आमच्या भागातल्या लोकल हिस्ट्रीच्या एका ग्रुपपर्यंत पोचले. हे लोक जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवतात. त्यांना पन्नाशीच्या दशकातल्या कॉन्सर्ट्सवर काम करायचंच होतं, माणूस मिळत नव्हता. मी म्हटलं मी करते.

आधी ट्रेनिंग. मला वाटलं होतं रेकॉर्डर कसा चालवायचा ते सांगतील आणि झालं, पण रेकॉर्डरला सगळ्यात कमी वेळ गेला. बाकी सगळं होतं ते गप्प कसं बसायचं यावर. समोरचा माणूस थांबला की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, तो टाकायचा नाही. हुंकार भरायचा नाही, मान हलवायची, कारण आपलं "अच्छा, हो का" रेकॉर्डिंगमध्ये येतं आणि नंतर ऐकणाऱ्याला नुसता त्रास. हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसाला भेटायच्या आधी कागद बघून जायचं. कुठला कार्यक्रम, कुठली तारीख, सोबत कोण कोण होतं. म्हणजे बोलणाऱ्याला पकडायचं म्हणून नाही हं, त्याला हात द्यायला. नाव अडलं की आपल्याला देता आलं पाहिजे.

म्हणून मग विग्स्टन. लेस्टरशायरचं रेकॉर्ड ऑफिस विग्स्टनमध्ये लाँग स्ट्रीटवर आहे, जुन्या शाळेच्या इमारतीत, आणि तिथे गावातल्या संध्याकाळच्या पेपरांची मायक्रोफिल्म बघायला मिळते. ज्यांनी कधी मायक्रोफिल्म वापरली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक छोटं रीळ असतं, ते मशीनच्या डाव्या खुंटीवर अडकवायचं, फिल्मचं टोक काचेच्या दोन पट्ट्यांमधून सरकवायचं, उजवीकडच्या रिकाम्या रिळाला गुंडाळायचं आणि मग फिरवत बसायचं. पानं सर्रकन डोळ्यासमोरून जातात, थोडं जास्त जोरात फिरवलं की गाडी लागल्यासारखं मळमळतं. फोकस दर थोड्या वेळाने जातो. पेपर बाइंड केलेला असताना फोटो काढलेले असल्यामुळे आतल्या कडेचे शब्द अंधारात गेलेले असतात, आणि नेमकी करमणुकीच्या जाहिरातींची चौकट त्या कडेलाच असते. सिनेमाच्या जाहिराती, त्याखाली बॉलरूम, त्याखाली चर्चचा सेल, त्याखाली हरवलेलं मांजर, आणि मधेच कुठेतरी दोन बोटांएवढ्या जागेत डी माँटफर्ट हॉल.

तिथे बसून मला पहिल्यांदा नीट समजलं की तेव्हा कॉन्सर्ट म्हणजे काय प्रकार होता. आजच्यासारखा एक कलाकार दोन-अडीच तास, असं नव्हतंच. पॅकेज शो. एकाच तिकिटात पाच-सहा आयटम. हॉलीच्या टूरमध्ये आधी रॉनी कीनचा ऑर्केस्ट्रा, मग टॅनर सिस्टर्स, गॅरी मिलर नावाचा गायक, अधूनमधून विनोद सांगून लोकांना धरून ठेवायला डेस ओकॉनर, जो पुढे इंग्लंडच्या टीव्हीवर घराघरात पोचला, आणि शेवटी हॉली. त्याच्या वाट्याला अर्ध्या तासाच्या आतबाहेर. हॉल रिकामा करायचा, दुसऱ्या शोचे लोक आत घ्यायचे, पुन्हा सगळं पहिल्यापासून. १ मार्चला लंडनमध्ये सुरुवात आणि २५ मार्चला लंडनमध्येच शेवट, रोज नवीन गाव. आदल्या दिवशी इप्सविच, मग लेस्टर, दुसऱ्या दिवशी डाँकास्टर, त्याच्या दुसऱ्या दिवशी विगन. बसमधून. मार्चच्या थंडीत. टेक्सासच्या पोरांना ती थंडी किती बाधली असेल ते मला विचारा, मी पण इथे जानेवारीत उतरले होते.

आणि हे लेस्टर म्हणजे काही मोठं नावाजलेलं शहर नाही. तेव्हा इथे होते ते मोज्यांचे, बनियनचे, बुटांचे कारखाने, टाइपरायटरचा एक कारखाना, बाजार, एक विद्यापीठ. पण लंडनला जो शो होता तोच शो इथे, तीच माणसं, तीच गाणी. याचं मला फार अप्रूप वाटतं. हॉल तर बघण्यासारखा आहे. १९१३ चा, पांढरा, खांबांचा, व्हिक्टोरिया पार्कला लागून, आत भलामोठा ऑर्गन. तो ऑर्गन दिलेला कोरा नावाच्या होजिअरी कारखानदार घराण्यातल्या आल्फ्रेड कोरांनी. हॉल बांधला सिंफनी आणि भजनमंडळींसाठी, म्हणजे कॉयर, आणि तिथे १९५८ मध्ये तीन पोरं एक इलेक्ट्रिक गिटार, एक उभा बास आणि ड्रम घेऊन उभी राहिली.

माणसं शोधणं अवघड जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आम्ही लायब्ररीत, चर्च हॉलमध्ये, सिनिअर सिटिझन लंच क्लबमध्ये चिठ्ठ्या लावल्या, आणि मी फार्मसीत विचारायची परवानगी घेतली. फोन यायला लागले. १९५८ मध्ये जे अठरा वर्षांचे होते ते आता पंच्याऐंशीच्या पुढे, त्यामुळे बऱ्याच वेळा फोन मुलगी किंवा सून करायची, "आई सारखं सांगत असते, तुम्ही एकदा ऐकून घ्या" असं. त्या एका वाक्यात सगळं आलं. घरच्यांनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकलेली असते की ते आता ऐकतच नाहीत. आणि पहिल्यांदा ऐकणारं कुणी समोर बसलं की ती माणसं असं काही सांगतात की घरच्यांना पण माहीत नसतं. हे मी स्वतः बघितलंय, बाजूला बसलेली मुलगी तोंडाचा आ वासून ऐकत होती.

घरी गेल्यावर आधी चहा होतो, तो घ्यायचाच. मग फॉर्म. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकू शकेल, नाव द्यायचं की नाही, एखादा भाग काही वर्षं बंद ठेवायचा का, सगळं वाचून दाखवायचं. मग खोली बघायची. फ्रिज घुमतो, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, पोपट असतो, रस्त्यावरून बस जाते. घड्याळ बाहेर न्यायची परवानगी मागायची मला फार लाज वाटायची, दुसऱ्याच्या घरातलं घड्याळ काढायचं म्हणजे काय. पण ते लोक हसत हसत उचलून द्यायचे. माइक गळ्याजवळ लावायचा, स्वेटरला घासणार नाही असा. आणि एकदा मुद्दाम काहीतरी फालतू बोलायला लावून लेव्हल बघायची, नाश्त्याला काय खाल्लं वगैरे.

ज्या आजींशी मी पहिल्यांदा नीट बोलले त्यांच्याबद्दल सांगते. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, त्यांनीही मला तसंच सांगितलं, पण नव्वदीला टेकलेल्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, मग मी नाव न घेताच बोलत राहिले आणि त्या मला लेस्टरच्या रीतीप्रमाणे "मी डक" (me duck, म्हणजे लाडाने "बाळा" म्हणावं तसं) म्हणत राहिल्या. त्या होजिअरीच्या कारखान्यात मशीनवर होत्या, पंधराव्या वर्षापासून. मी विचारलं, हॉली कसा वाटला? "छान." गाणी कोणती? "सगळीच." आवाज? "मोठा." बस, संपलं. ट्रेनिंगमध्ये सांगितलेली एक गोष्ट तेव्हा कामाला आली. त्यांना म्हटलं, गाण्याचं राहू दे, त्या रविवारी घरातून निघालात तिथून सांगा.

आणि मग काय. दुपारी आईने धुतलेले केस चुलीपुढे वाळवले, धाकटीने नेसायचा, म्हणजे घालायचा स्कर्ट लपवून ठेवला, शेवटी तिला पुढच्या वेळी नेईन असं वचन देऊन तो परत मिळवला. नवीन बूट, आठवड्याच्या पगारातून बाजूला काढलेल्या शिलिंगांचे, टाच चावत होती म्हणून आत वर्तमानपत्राची घडी. बस रविवारची, उशिराने येणारी. दुसऱ्या शोचं तिकीट होतं कारण मैत्रिणीचा भाऊ रांगेत उभा राहिला तोपर्यंत पहिल्या शोची स्वस्तातली तिकिटं संपली होती. वडिलांची अट एकच, शेवटच्या बसने परत. वडील नाराजच होते, कारण १९५६ मध्ये तो रॉक अँड रोलवाला सिनेमा लागला तेव्हा थिएटरमध्ये पोरांनी खुर्च्या फाडल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि काही गावांच्या कौन्सिलनी सिनेमावर बंदीच घातली होती. बाल्कनीत बसल्या. आणि मग त्या थांबल्या. मी गप्प बसले, मान पण हलवली नाही. बराच वेळ गेला आणि त्या म्हणाल्या, ड्रम पोटात वाजत होता. आमच्या कारखान्यात शंभर मशिनी एकदम चालायच्या, आवाजाची मला सवय होती, पण हा आवाज मला हवा होता.

हे वाक्य मला कुठल्या पेपरात मिळणार होतं? बातमी येते ती अमुक कलाकार आला आणि गर्दी झाली एवढीच. त्यांचा शब्द न् शब्द मी नंतर घरी बसून लिहून काढला, आणि लिहिताना लक्षात आलं की गाण्याबद्दल विचारलं असतं तर यातलं काही म्हणजे काही आलं नसतं. तेव्हापासून मी सगळ्यांना बस, बूट, पैसे, आईवडील याच वाटेने नेते. गाणं आपोआप येतं.

दुसरी एक मजेची गोष्ट. एका आजोबांनी ठासून सांगितलं की हॉलीच्या शोमध्ये ट्रंपेट आणि सॅक्सोफोन होते, रांगेने बसलेले, सूट घातलेले. आता हॉलीबद्दल थोडंफार वाचलेला कुणीही म्हणेल की क्रिकेट्स तिघंच, जेरी ॲलिसन ड्रमवर, जो मॉल्डिन बासवर आणि हॉली स्वतः, ट्रंपेट कुठून येणार, आजोबांची गल्लत होतेय. पण गल्लत वगैरे काही नव्हती. रॉनी कीनचा ऑर्केस्ट्रा त्याच स्टेजवर होता, त्याच संध्याकाळी. पुस्तकांमध्ये फक्त हॉली उरला, आजोबांच्या डोक्यात अख्खी संध्याकाळ होती. त्यांना मी कलाकारांची यादी वाचून दाखवली तर टॅनर सिस्टर्सचं नाव ऐकल्यावर ते गुणगुणायलाच लागले. आणि गिटार! त्या गिटारबद्दल प्रत्येक पुरुष बोलला, एकही अपवाद नाही. हॉलीकडे फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती आणि इंग्लंडमध्ये ती कुठे बघायलाच मिळत नव्हती, कारण डॉलर वाचवायचे म्हणून सरकारने अमेरिकन वाद्यांची आयात १९५१ पासून रोखून धरली होती, ती १९५९ मध्ये खुली झाली. म्हणजे या पोरांनी तोपर्यंत ती फक्त रेकॉर्डच्या कव्हरवर पाहिलेली. एक जण म्हणाले की गाणी नंतर आठवली, आधी दोन दिवस नुसता त्या गिटारचा आकार वहीत काढत होतो.

जॅझवाल्यांची गोष्ट वेगळी आणि मला विचाराल तर जास्त भारी. जॅझवाले आजोबा लोक रॉकवाल्यांपेक्षा चारपाच वर्षांनी मोठे, बोलायला शिस्तीचे, घरात रेकॉर्डी वर्षांप्रमाणे लावलेल्या. यातल्या एकांनी आधी तासभर माझी शिकवणीच घेतली. १९३५ पासून इंग्लंडमध्ये अमेरिकन बँड येऊन वाजवूच शकत नव्हते. इथल्या म्युझिशियन्स युनियनचं म्हणणं, आमच्या वादकांना अमेरिकेत काम करू देत नाहीत तर त्यांना इथे का, आणि लेबर मिनिस्ट्री परमिट द्यायची नाही. एखादा गायक व्हरायटी आर्टिस्ट म्हणून यायचा, ब्लूज गाणाऱ्या बिग बिल ब्रून्झीसारखा, पण अख्खा बँड नाही. वीस वर्षं! विचार करा, ज्या माणसाने १९३८ मध्ये पोरवयात लुई आर्मस्ट्राँगची पहिली रेकॉर्ड घेतली, मधे महायुद्ध झालं, लग्न झालं, मुलं झाली, तरी त्याने एकही अमेरिकन जॅझ बँड समोर ऐकलेला नाही. १९५६ मध्ये अदलाबदलीचा तोडगा निघाला. स्टॅन केंटनचा बँड इकडे, टेड हीथचा तिकडे. आणि मग मे महिन्यात आर्मस्ट्राँग आला.

हे आजोबा लेस्टरहून लंडनला एम्प्रेस हॉलला गेले होते, सेंट पँक्रसची गाडी पकडून. मी नेहमीसारखं घरातून निघालात तिथून सांगा म्हटलं तर म्हणाले, नको, मी ट्रंपेट ऐकला तिथून सांगतो. रेकॉर्डवरचा प्रत्येक सूर पाठ होता त्यांना, कुठे श्वास घेतो ते सुद्धा. आणि समोर तो माणूस तेच गाणं वाजवतोय पण श्वास दुसरीकडे घेतोय. "तेव्हा मला कळलं की हा जिवंत आहे." असं म्हणाले आणि उठून किचनमध्ये गेले. रेकॉर्डर चालूच ठेवला मी. बंद करावासा वाटला नाही.

त्यांच्याशीच बोलताना रेडिओचा विषय निघाला. त्या काळी बीबीसीवर हे संगीत फार लागायचं नाही, म्हणून पोरं रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लावायची, २०८ मीटरवर, आवाज यायचा, जायचा, ऐन गाण्यात विरून जायचा. मी त्यांना म्हटलं, माझे वडील असंच रेडिओ सिलोन ऐकायचे, बुधवारी रात्री गीतमाला, पायरीवर बसून, खरखर आली की रेडिओची दिशा बदलायची. त्यांना सिलोन स्टेशन माहीत होतं! नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे तेव्हाच्या सक्तीच्या लष्करी नोकरीला, सिंगापूरला असताना ऐकलं होतं म्हणे. त्या दिवशी इंटरव्ह्यू बाजूलाच राहिला आणि आम्ही दोघं शॉर्टवेव्हवरच बोलत बसलो, शेवटी मी त्यांना फोनवर सी. रामचंद्र ऐकवला. पूर्ण ऐकला त्यांनी, डोळे मिटून, आणि म्हणाले ट्रंपेटवाला चांगला आहे, कोण आहे? तेव्हा मी त्यांना गोव्याबद्दल सांगितलं, मुंबईच्या ताजमधल्या बँडबद्दल, पुढे १९७८ पासून रंगभवनला भरलेल्या जॅझ यात्रेबद्दल. माझा मामा त्या पहिल्या यात्रेला गेला होता, बोरीबंदरला रात्र काढून. आजोबांनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं.

जॅझ आणि रॉक अँड रोल हे दोन वेगळे गट, एकमेकांना नाक मुरडणारे, असं आपण वाचतो. थोडंफार होतंही तसं. पण या लोकांचं ऐकल्यावर मला ते तितकंसं पटत नाही, कारण मधला पूल सगळ्यांच्या बोलण्यात येतो, स्किफल. ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडमध्ये बँजो वाजवणारा लॉनी डोनेगन मधल्या वेळात गिटार घेऊन अमेरिकन लोकगीतं म्हणायचा, त्यातलं १९५४ मध्ये रेकॉर्ड केलेलं 'रॉक आयलंड लाइन' १९५६ मध्ये हिट झालं आणि देशभरातली पोरं चहाच्या खोक्याला दांडा आणि दोरी लावून बास बनवायला लागली, आईचा कपडे घासायचा पत्रा बोटात टोपणं घालून वाजवायला लागली. लेस्टरमध्ये पण. कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, चर्चच्या युथ क्लबमध्ये. त्याच बार्बरने १९५७ मध्ये अमेरिकेची गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प हिला इंग्लंडभर फिरवलं, १९५८ मध्ये ब्लूजवाल्या मडी वॉटर्सला. म्हणजे जॅझवाल्यानेच दार उघडलं आणि त्यातून बाकीचे आत आले. ज्यांच्या घरी आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी आहेत त्यांच्याच घरी मला डोनेगनची पण मिळाली, जरा मागच्या बाजूला ठेवलेली.

आता स्कर्टवाल्या धाकट्या बहिणीचं. तिला पुढच्या वेळी नेईन असं वचन दिलं होतं, पण हॉली तर पुन्हा आला नाही. ती गेली ती १९६३ मध्ये, बीटल्सना. बीटल्स डी माँटफर्ट हॉलला तीनदा आले, ३१ मार्च आणि १ डिसेंबर १९६३ ला आणि १० ऑक्टोबर १९६४ ला. ही बहीण १ डिसेंबरची. तिच्याशी बोलायला मी मुद्दाम गेले, आणि तिला तोच प्रश्न विचारला जो मी आता सगळ्यांना विचारते, ऐकू आलं का? तिने एका क्षणात सांगितलं, नाही. एक ओळ नाही. किंचाळण्याशिवाय काही नाही, आणि मी पण किंचाळत होते. तिला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं, उलट डोळे चमकत होते. मोठी बहीण शेजारी बसून म्हणाली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पुढचं गाणं सुरू झालं की गप्प बसलो, मला बडी हॉलीचा प्रत्येक शब्द ऐकू आला. तोच हॉल, रविवारच, मधे सहा वर्षं पण नाहीत.

मला या सगळ्यातून जे दिसलं ते हे. १९५६ च्या आधी येऊ देत नव्हते म्हणून ऐकायला मिळत नव्हतं, आणि १९६३ नंतर आरडाओरड्यात ऐकू येत नव्हतं. मधली सहा-सात वर्षं अशी होती की लेस्टरसारख्या गावातल्या मोजे शिवणाऱ्या मुलीला जगातला सगळ्यात नवा आवाज समोर बसून, शब्दासकट, निवांत ऐकता आला. तो काळ फार छोटा होता आणि त्याचे कान अजून आपल्यात आहेत. रॉकचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक स्टेजवर काय झालं ते लिहितात. बाल्कनीत बसून कुणाला काय ऐकू आलं हे कुणीतरी लिहायला नको का? मला तर तेच खरं काम वाटतं.

आणि दारापर्यंत पोचूनही आत न गेलेले लोक. लेस्टरच्या हायफिल्ड्स भागात राहणारे एक काळे आजोबा, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरून आलेले. मी त्यांना कॉन्सर्टबद्दल विचारायला गेले होते. ते म्हणाले, मी एकही बघितली नाही. शिफ्ट असायची हे एक, आणि गावातल्या एका डान्स हॉलच्या दारावर त्यांना आणि त्यांच्या मित्राला "आज भरलंय" असं सांगितलं आणि त्यांच्या मागच्या गोऱ्या पोरांना आत सोडलं, त्यानंतर अशा कुठल्याही दाराशी जायची इच्छाच उरली नाही. जवळच्या नॉटिंगहॅममध्ये १९५८ च्या ऑगस्टमध्ये गोऱ्या-काळ्यांची दंगल झाली तो हाच काळ. मग हे लोक आपापल्या घरात जमायचे, शनिवारी रात्री, एका खोलीतलं फर्निचर दुसऱ्या खोलीत, रेडिओग्राम, त्यांच्या बेटांकडची कॅलिप्सो गाणी, फॅट्स डॉमिनो, आर्मस्ट्राँग. ज्या काळ्या माणसांचं हे संगीत, ते ऐकायला काळ्या माणसाला दारात अडवतात, हे ते इतक्या शांतपणे सांगत होते की संताप मलाच आवरेना. त्यांचं रेकॉर्डिंग आमच्या यादीत डी माँटफर्ट हॉलच्या शेजारीच आहे. मी आग्रह धरला की वेगळा विभाग करायचा नाही, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी लगेच होकार दिला.

इंटरव्ह्यू झाला की खरं बसून करायचं काम सुरू होतं. फाइल दोन ठिकाणी कॉपी करायची, मग पुन्हा पहिल्यापासून ऐकत दर काही मिनिटांनी काय विषय आला ते वेळेसकट लिहायचं. एक तासाच्या रेकॉर्डिंगला माझी अख्खी संध्याकाळ जाते, कधी दोन. लेस्टरची जुनी बोली काही ठिकाणी मला कळत नाही, तिथे मी ग्रुपमधल्या इथल्याच एका बाईंना ऐकवते. तारखा, नावं कागदाशी ताडून बघायची, जमलं नाही तर तसं लिहून ठेवायचं, बोलणाऱ्याचं वाक्य मात्र बदलायचं नाही. कुणी १९५९ म्हणालं आणि पेपर १९५८ म्हणतो, तर दोन्ही राहतं. मग सीडी किंवा पेन ड्राइव्हवर त्यांची प्रत त्यांना नेऊन द्यायची. हे मी पोस्टाने पाठवत नाही, स्वतः जाते, कारण बरेचदा तेव्हाच माळ्यावरून काढून ठेवलेली कार्यक्रमपत्रिका, घडी घालून मऊ पडलेलं तिकीट, असलं काहीतरी हातात देतात. त्याचे फोटो काढायचे आणि वस्तू त्यांची त्यांना परत.

फार्मसीतल्या त्या आजोबांचं पण रेकॉर्डिंग झालं. ते पहिल्या शोला होते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना कामावर जायचं होतं. थोड्याच आठवड्यांनी नॅशनल सर्व्हिसचं बोलावणं आलं आणि ते सायप्रसला गेले, हॉली गेल्याची बातमी त्यांना तिथे बराकीत कळली.

सध्या पुढचा भाग घेतलाय, सिल्व्हर स्ट्रीटवरचा इल रोंडो, साठच्या दशकातला रिदम अँड ब्लूजचा क्लब. हे लोक वयाने थोडे लहान, पंचाहत्तर-ऐंशीचे, त्यांच्याकडे ईमेल आहे आणि ते स्वतःच फोटो पाठवतात. तुमच्यापैकी कुणी इकडे मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, राहत असेल आणि शेजारीपाजारी असं कुणी आजीआजोबा असतील तर त्यांना विचारून बघा, घरातून निघालात तिथून सांगा म्हणून. रेकॉर्डर मी घेऊन येते.